पानं गळाली की रस्ता दिसतो: सातपायरी घाटात पानगळ टिपायला निघालेल्यांसाठी

दिवाळी सरली की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "तोरणमाळला पानगळीचे फोटो काढायला आता जाऊ का?" विचारणाऱ्याने मोबाइलवर काश्मीरचे लालभडक चिनार नुकतेच पाहिलेले असतात. मीही पहिल्यांदा असाच ऑक्टोबरच्या सुट्टीत गेलो होतो. सातपुड्यातल्या तोरणमाळला चढणारा सातपायरी घाट हिरवागार, गवत कमरेइतकं, कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून चालू. देखणं सगळं, पण ज्यासाठी गेलो ते कुठेच नव्हतं. पानगळ मला दिसली ती चार महिन्यांनी, एका नातेवाइकाच्या हळदीला जाताना, कॅमेरा घरी कपाटात असताना.

त्या दिवशी जीपच्या खिडकीतून एक गोष्ट लक्षात आली. ऑक्टोबरात ज्या वळणावर मला समोरच्या झाडांपलीकडे काही दिसलं नव्हतं, तिथून आता खालची तीन वळणं स्वच्छ दिसत होती. सागाची पानं उतरली होती आणि घाट उघडा पडला होता. घाटातल्या पानगळीचा फोटो म्हणजे निम्मा रस्त्याचा फोटो असतो, आणि तो रस्ता वर्षातले फार थोडे आठवडे दिसतो. पुढचं सगळं त्या आठवड्यांत काय करायचं याबद्दल आहे.

आधी पंचांग, मग कॅमेरा

थंड मुलखातली झाडं दिवस लहान होऊन गारठा पडला की पानं टाकतात. आपल्या सातपुड्यातल्या झाडांची अडचण वेगळी, त्यांना पाणी पुरत नाही. पावसाळा संपला की माती कोरडी होत जाते आणि पानांतून पाणी उडत राहतं. मग झाड पानाच्या देठाशी वाट बंद करतं आणि पान सोडून देतं. सोडण्याआधी त्यातलं हिरवं द्रव्य मोडून कामाचं तेवढं परत आत ओढून घेतं. हिरवं गेलं की मागे दडलेला पिवळा दिसतो, काही झाडांत तांबडा नव्याने तयार होतो. यातून आपण घ्यायचं ते इतकंच की तारीख पावसावर ठरते. परतीचा पाऊस रेंगाळला तर पानगळ मागे सरकते. खडकाळ, दक्षिणेकडे तोंड केलेले उतार आधी उघडे होतात, नाल्याकाठची झाडं शेवटपर्यंत हिरवी राहतात.

झाडांची ओळख नसेल तर अडत नाही, पण पाच-सात झाडं ओळखता आली तर फेरी फुकट जात नाही. डिसेंबर-जानेवारीत धावडा तांबूस होतो. लहान पानं आणि फिकट गुळगुळीत खोड, दुरून पाहिलं तर उतारावर गंज चढल्यासारखं दिसतं. त्यामागून साग. त्याची परातीएवढी पानं पिवळी, मग तपकिरी, मग कागदासारखी खरखरीत होऊन जानेवारी-फेब्रुवारीत उतरतात. सागाचं एखादं पान उचलून उन्हासमोर धरा. बऱ्याच पानांची नुसती जाळी उरलेली असते, शिरा शाबूत आणि मधलं सगळं गायब. पावसाळ्यात एका पतंगाच्या अळ्या ते खातात. वनखात्याला ती कीड, आपल्याला फुकटची नक्षी.

फेब्रुवारीत सालई आणि कांडोळ पूर्ण निष्पर्ण असतात. कांडोळाचं पांढरंफटक खोड संध्याकाळच्या उजेडात असं काही दिसतं की लोक त्याला भुताचं झाड का म्हणतात ते विचारावं लागत नाही. त्याच सुमारास काटेसावर आणि पांगारा लाल फुलांवर येतात, आणि मग पळस. पळसाला पानं तीनच असं आपण म्हणतो खरं, पण त्या दिवसांत ती तीनही नसतात, नुसती फुलं. होळी ते पाडवा या काळात कुसुंबाला नवी पालवी फुटते. ती इतकी लाल असते की नवखा माणूस तिलाच पानगळ समजून फोटो काढतो. समजू द्या, फोटोला काय फरक पडतो. कोवळ्या पानाला ऊन सोसत नाही म्हणून हा लाल रंग त्याचं पांघरूण होतो, पंधरा-वीस दिवसांत पान हिरवं. आणि चैत्रात आपल्या खानदेशाचं खास झाड, अंजन. आपट्यासारखं जोडपान, पण त्याहून लहान आणि मधोमध पूर्ण चिरलेलं. त्याची कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची असते.

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझं सरळ मत असं: महाशिवरात्र ते होळी या पंधरवड्यातला पहिला आठवडा धरा. तेव्हा साग उतरलेला असतो, पळस पेटलेला असतो आणि वणव्यांचा धूर अजून दाट झालेला नसतो. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र जाऊ नका. तोरणमाळला गोरखनाथांची मोठी यात्रा भरते, घाटात वाहनांची रांग लागते आणि कॅमेरा काढायला उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. यात्रा उलगू द्या. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे होळीचे जत्रेसारखे बाजार भरतात, तेव्हाही गाड्या ओसंडून वाहतात. भोंगऱ्या जरूर पाहा, पण तो पाहायला जा. घाटाचे फोटो त्याच दिवशी उरकू असा हिशेब करू नका.

रस्ता आणि पहिली फेरी

नंदुरबार स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे, तिथून शहादा, आणि शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ. शहाद्यापासून पन्नासेक किलोमीटर. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या. वर मोबाइलला रेंज असेल-नसेल, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. नंदुरबारजवळून सकाळी जात असाल तर मिरचीच्या पथाऱ्यांपाशी पाच मिनिटं थांबा. मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची पाहिली की डोळे रंगाला सरावतात (आणि नाकही). पथारीच्या मालकाला विचारूनच आत पाऊल टाका, आणि लेन्स पुसायचा रुमाल मिरचीच्या हाताने धरू नका. हे अनुभवाने सांगतो.

चांदसैली घाटाबद्दल बरेच जण विचारतात, तळोद्याहून धडगावकडे जाणारा. अरुंद, तीव्र, एका बाजूला दरी. दृश्य म्हणाल तर सातपायरीला भारी आहे. पण उभं राहायला जागा कमी आणि समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसायला उशीर, म्हणून पहिल्या वर्षी तिकडे नको. चाळीसगावकडच्यांना इतक्या लांब यायचं नसेल तर पाटणादेवीचं जंगल आणि कन्नडचा घाट जवळ आहे. झाडं बरीचशी हीच, पण तिथल्या हमरस्त्यावर वाहनांची वर्दळ असते, तेव्हा तिथे रस्ता सोडून जंगलाकडे तोंड करा.

सातपायरीत पोचलात की पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून करा. हे कुणी ऐकत नाही. पहिल्याच वळणावर गाडी लागते, सगळे उतरतात, शंभर फोटो होतात आणि वर पोचेपर्यंत ऊन टळटळीत झालेलं असतं. त्यापेक्षा सरळ वरपर्यंत जा आणि परत अर्ध्यापर्यंत खाली या. चढताना दिसणारा घाट आणि उतरताना दिसणारा घाट हे दोन वेगळे घाट आहेत. चढताना डोंगराची भिंत दिसते, उतरताना खालचा रस्ता. फोटो बहुतेक उतरतानाच सापडतो.

या फेरीत प्रत्येक वळणावर तीन गोष्टी बघायच्या. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावता येते का? तिथून खालची किमान दोन वळणं दिसतात का? आणि त्या वळणांशेजारी रंगाचं एखादं झाड आहे का? तिन्हींना हो असेल असं वळण घाटात दोन किंवा तीनच सापडतं. पुरेसं आहे. त्यातलं एक निवडा आणि दुसऱ्या दिवशी फक्त तिथे जा. दहा वळणांवर दहा-दहा मिनिटं थांबणाऱ्याला दहा सारखे फोटो मिळतात. एका वळणावर दोन तास बसणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ऊन सरकतं, धूर उठतो, बैलगाडी येते, शेळ्या येतात.

सामान

मोबाइल पुरतो, हे आधी सांगतो. त्यात दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर फारच उत्तम. कॅमेरा असेल तर सोबत मिळालेली १८–५५ मिमी लेन्स आणि जमल्यास ५५–२५० किंवा ७०–२०० मिमी असा झूम. नवखे लोक डोंगर दिसला की रुंद लेन्स लावतात आणि मग तोच डोंगर फोटोत वारुळाएवढा दिसतो. घाटाला झूम लागतो. दूर उभं राहून झूम केला की एकमेकांपासून लांब असलेली वळणं फोटोत जवळजवळ येऊन बसतात, एकावर एक. सातपायरीला नाव ज्यावरून पडलं असं वाटतं तो आकार असाच दिसतो, पायरीवर पायरी.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का? एकच फिल्टर घ्यायचा तर हाच. सुकलेल्या पानावरही चकाकी असते, ती मारली की खालचा रंग वर येतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे असेल तेव्हा तो सगळ्यात चांगलं काम करतो, सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर जवळजवळ काहीच नाही. एक-दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून कलत्या उन्हात काढून ठेवा.

बाकी पाणी, टोपी, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. हे शेवटचं फॅशनसाठी सांगत नाही. याच दिवसांत जंगलात खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, सोनेरी लव असलेल्या, उन्हात चमकणाऱ्या, जवळून फोटो काढावासा वाटणाऱ्या. ती लव अंगाला लागली की पुढचे काही तास तुम्ही फोटोग्राफर राहत नाही. वारा शेंगांकडून तुमच्याकडे येत असेल तर नुसतं उभं राहूनसुद्धा चालत नाही.

ऊन कुठून येतं

यावर थोडं थांबू, कारण चांगला आणि बरा फोटो यांच्यातला फरक बहुतेक इथेच पडतो.

शहाद्याकडून चढणारा हा घाट सातपुड्याच्या दक्षिण अंगाला आहे. म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी दिवसभर उतारांवर ऊन असतं. फेब्रुवारीअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या पुढे मावळतो. पण घाटात सात वाजता ऊन मिळत नाही. मधल्या सोंडा आडव्या येतात, आणि तुमच्या वळणावर ऊन पोचायला पाऊण-एक तास लागू शकतो. पहिल्या फेरीत हे घड्याळ लावून बघून ठेवा. वळणावर ऊन कधी उतरतं ती वेळ तुमची.

त्या वेळेआधी वीस मिनिटं जागेवर असा. तेव्हा समोरचा डोंगर उजळलेला आणि खालचा रस्ता निळसर सावलीत असतो. हा फोटो बरेच जण सोडून देतात, कारण "अजून ऊन आलं नाही". काढा. मग ऊन एकेका वळणावर उतरत येतं, आधी वरचं, मग मधलं. मधलं वळण उजळलं आणि खालचं अजून अंधारात आहे, हा क्षण चार-पाच मिनिटांचा. बहुतेक दिवशी मला हवा असलेला फोटो त्याच चार मिनिटांत असतो.

पानांसाठी उलटं करा. सूर्य पाठीशी घेऊन काढलेलं पान रंगवलेल्या भिंतीसारखं सपाट दिसतं. सूर्य पानाच्या मागे ठेवा, म्हणजे उजेड पानातून गाळून तुमच्याकडे येईल. सागाची जाळी, कुसुंबाची पालवी, पळसाची पाकळी, तिन्हींना हे लागू. लेन्सवर थेट ऊन पडलं तर फोटो पांढुरका होतो, म्हणून टोपीची किंवा हाताची सावली लेन्सवर धरा, फक्त बोटं चौकटीत येऊ देऊ नका.

सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळात वर यशवंत तलावाकाठी भाकरी खा, सीताखाई बघा, झोपा. मधल्या वेळात घाटात काही निघत नाही. मी खूप प्रयत्न केलेत.

कॅमेऱ्याची आकडेमोड

रस्ता आणि डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ ८ च्या आसपास. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० ते ४००. कॅमेरा हातात धरला असेल तर शटरची वेळ किमान १/१२५ सेकंद, झूम लांब असेल किंवा फांद्या हलत असतील तर १/२५० किंवा त्याहून जलद. पान गळताना हवेत पकडायचं असेल तर १/१००० लागेल. उलट ट्रायपॉडवर १/१५ ठेवलंत तर गळणाऱ्या पानाची रेघ उमटते. दहातले नऊ फोटो वाया जातात, दहावा मित्रांना दाखवायला ठेवावा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा कॅमेऱ्याचा हिशेब, ऑटोवर ठेवू नका. समोर सगळं तांबूस-पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो तुमची पानगळ निळसर करून टाकतो. डेलाइटवर कायम करा. मोबाइलमध्येही प्रो मोडमध्ये हा पर्याय बहुधा असतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल ठेवत असाल तर नंतर सुधारता येतं, पण समोर बरोबर दिसलं तर हात शांत राहतो.

आता पळस. पळस नवख्याला सगळ्यात जास्त फसवतो. केशरी-लाल रंगाचा भाग उन्हात इतका तेजस्वी असतो की कॅमेऱ्यातला लाल भरून वाहतो, आणि पाकळ्यांच्या कडा, घड्या, मखमल जाऊन नुसता केशरी डाग उरतो. साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखात, हे कळत नाही, तिन्ही रंग वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम असेल तर लाल रेघ उजव्या भिंतीला टेकलेली दिसेल. उपाय सोपा: एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली. मोबाइलवर फुलावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोटो जरा काळसर वाटेल, वाटू दे. पळसाच्या कळीचं देठ मुळातच काळं मखमली असतं, तेही त्यात दिसायला लागतं. शिवाय पळसावर मैना, शिंजीर, मधमाश्या यांची सकाळी गर्दी असते. झाडाखाली आवाज न करता बसा, आणि वर कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं नाही ना, ते बसण्याआधी बघा.

एक वैयक्तिक मत. पळसाच्या झाडाने चौकट भरून टाकू नका. दूरच्या उघड्या तपकिरी उतारावर एकच पेटलेला पळस आणि त्याखालून जाणारा रस्ता, त्यात घाट कळतो. फुलांनी भरलेली चौकट कुठलीही असू शकते, धुळ्यातल्या एखाद्या कॉलनीतलीसुद्धा.

एसटीची वाट

रिकाम्या रस्त्याचा फोटो चांगला असतो, पण घाट किती मोठा आहे ते त्यात कळत नाही. त्यासाठी काहीतरी चालतं-फिरतं हवं. माझ्या मते लाल एसटीइतकं चांगलं काही नाही, कारण सगळा डोंगर तपकिरी असताना ती वळणावर कुंकवाच्या टिकलीएवढी उमटते.

एका वर्षी मी म्हसावदच्या चहाच्या टपरीवर गाडीची वेळ विचारली. "नऊले जास, पन कधी साडेनऊबी वाजतस," टपरीवाला म्हणाला. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून, "झाडले पानं नही, फोटू कसाना काढी ऱ्हायना भो?" मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आठ वाजता वळणावर जाऊन बसलो. नऊ वाजले, सव्वानऊ. दरीतून हॉर्न ऐकू आला तेव्हा मी आधीचे फोटो स्क्रीनवर बघत होतो. मान वर केली तोवर गाडी मधल्या वळणाच्या पुढे, निम्मी झाडाआड. पुढची तीन सेकंदं मी जे काही दाबलं त्यात एसटीचा मागचा भाग आणि काळा धूर आहे. दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी हॉर्न ऐकल्यापासून स्क्रीन नाही, डोळा कॅमेऱ्याला. पावणेदहाला आली.

त्यावरून शिकलेलं असं. गाडी वळणावर कुठे हवी ते आधी ठरवा आणि तिथेच फोकस लावून ठेवा. ती वळणाच्या बाहेरच्या टोकाला असेल तेव्हा पूर्ण लांबी दिसते. १/२५० पुरतं, चढाला गाडी हळू असते. एकामागोमाग फोटो काढायची सोय चालू ठेवा. आणि पळस व एसटी एकाच चौकटीत शेजारी आणू नका, दोन तांबडे एकमेकांना मारतात.

संध्याकाळनंतर दिव्यांच्या रेघा काढायचा मोह होतो. वीस-तीस सेकंद शटर, एफ ८, आयएसओ १००, पक्का ट्रायपॉड, एवढं पुरतं. पण या घाटात रात्री गाड्या तुरळक, एका रेघेसाठी अर्धा तास बसावं लागेल, आणि अंधारात परत खाली उतरायचं नाही. वर तोरणमाळला मुक्काम ठरलेला असेल तरच हे करा. खोली आधी सांगून ठेवा.

घाटात कसं उभं राहायचं

गाडी वळणावर लावू नका, वळणाच्या तोंडाशीही नाही. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. तुम्ही उतरत असाल तर थांबायचं तुम्ही. उतरताना खालच्या गिअरवर उतरा, सतत ब्रेक दाबत आलात तर ते तापून ऐनवेळी सुटतात. दुचाकीवाल्यांनी रस्त्यावरच्या सुक्या पानांवर जोरात ब्रेक मारू नये. सागाचं सुकं पान डांबरावर साबणासारखं वागतं.

स्वतः उभं राहताना वळणाच्या डोंगराकडच्या आतल्या बाजूला राहू नका, येणाऱ्याला तुम्ही अगदी शेवटी दिसता. कठड्यावर चढायचं नाही. कॅमेऱ्यात डोळा घालून एक पाऊलही मागे टाकायचं नाही. दोघे असाल तर एकाने फोटो काढावेत, दुसऱ्याने नुसतं रस्त्याकडे बघावं. भडक रंगाचा सदरा घाला.

गाडी सुक्या पानांच्या ढिगावर लावू नका. खालचा सायलेन्सर तापलेला असतो. मी एकदा पाचोळ्यात मोटारसायकल लावून वीस पावलं गेलो आणि जळक्या पानांचा वास आला. धूर निघायच्या आत गाडी ढकलली, पण त्या दिवशी पुढे एकही फोटो नीट आला नाही, हात थरथरत होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळाही काही ठिकाणी जाळतात, त्यामुळे मार्चमध्ये घाटात निळसर धूर तरंगत असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तो धूर सुंदर दिसतो आणि फोटोतही चांगला येतो. मला तो काढताना दरवेळी थोडं अपराधी वाटतं. काडी, सिगारेट तुमच्याकडून पडायला नको, एवढं तरी आपल्या हातात आहे. ड्रोन घरीच ठेवा, परवानग्यांचं प्रकरण मोठं आहे.

चढावर गाडी थांबवताना चाकाला दगडाची उटी लावली असेल तर निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. लोक तसाच सोडून जातात आणि रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्यावर जातो.

माणसं

या घाटात पावरा आणि भिल्ल वस्त्या आहेत. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढणाऱ्या बाया दिसतील. झूम लांब आहे म्हणून चोरून फोटो काढू नका. मोळी घेऊन थांबणं म्हणजे पुन्हा उचलण्याचा त्रास, तेव्हा पोझ द्यायला सांगणंही नको. रस्त्यावर लांब, पाठमोरी, घाटाच्या आकारात एक छोटी आकृती म्हणून ती चौकटीत आली तर ठीक. चेहरा हवा असेल तर आधी बोला. नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर पुढच्या वेळी तो फोटो कागदावर छापून घेऊन जा, शहाद्यात होतं ते काम.

घरी आल्यावर

पहिलं काम: रंग वाढवायचं बटण विसरा. फोटो सुधारायचं ॲप स्नॅपसीड असो की लाइटरूम, रंग चढवला की तपकिरी डोंगर केशरी होतो, आणि सातपुडा केशरी नाही. मी उलट पिवळा थोडा कमी करतो, सावल्या काळ्याच राहू देतो, आणि क्षितिज सरळ करतो. घाटात क्षितिज सरळ करताना रस्त्याकडे बघू नका, तो तिरकाच असतो. खोडांकडे बघा, उभी झाडं उभी दिसली पाहिजेत. दोनशेतले पाच ठेवा. पाच जास्त वाटले तर तीन.

शेवटचं काम वहीचं. ज्या वळणावर बसलात ते ओळखायची खूण, तारीख, ऊन पोचल्याची वेळ, कुठलं झाड कुठवर आलं, लिहून ठेवा. मग होळी झाल्यावर तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी जा, ट्रायपॉड त्याच दगडांवर टेकवा आणि तीच चौकट काढा. कुसुंब फुटलेला असेल आणि खालचं एक वळण पुन्हा झाकायला लागलेलं असेल. माझ्या वहीतली गेल्या वर्षीची नोंद अशी आहे: "वरून तिसरं वळण, चुना लावलेला दगड. ऊन ८.०५. साग पूर्ण उतरला, खाली तीन वळणं मोकळी. कुसुंब अजून बंद. एसटी ९.४०. टायरखालचा दगड उचलला का ते आठवत नाही, पुढच्या वेळी आधी ते बघणे."